एका जाड रेघेचे वाचन

पत्रकाराने राजकारणात उतरणे मराठी वाचकाला नवे नाही. टिळकांचा ‘केसरी’ आणि अत्र्यांचा ‘मराठा’ यांच्या परंपरेत वृत्तपत्र आणि चळवळ यांतले अंतर नेहमी पुसटच राहिले. परंतु आयुष्यभर शब्द पारखून घेणारा संपादक सत्तेवर येतो, तेव्हा त्याच्या वाक्याचे काय होते, हा प्रश्न मला पोलंडच्या तादेउश माझोव्येत्स्की यांच्यामुळे पडला.

१९५८ साली त्यांनी एक कॅथलिक मासिक काढले आणि ते दीर्घकाळ चालवले. १९८१ मध्ये ते ‘सॉलिडॅरिटी’ या कामगार संघटनेच्या साप्ताहिकाचे पहिले संपादक झाले. त्याच वर्षी डिसेंबरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि त्यांना वर्षभर स्थानबद्धतेत काढावे लागले. २४ ऑगस्ट १९८९ रोजी हेच संपादक पंतप्रधान झाले; पोलंडमधील कम्युनिस्ट राजवटीचा शेवट येथून दिसू लागला.

त्या दिवशी ते संसदेत बोलले त्याचा आशय असा : भूतकाळ आणि आपण यांच्यामध्ये आम्ही एक जाड रेघ ओढतो, देशाला या पडझडीतून बाहेर काढण्यासाठी आम्ही जे करू, त्याचेच उत्तरदायित्व आमचे. लोकस्मृतीत राहिली ती केवळ रेघ. जुन्या सत्ताधाऱ्यांना माफी दिली, असा आरोप त्यांच्यावर जन्मभर होत राहिला. १९९० च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले. पुढे युगोस्लाव्हियातील मानवी हक्कांसाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी म्हणून त्यांनी काम केले आणि स्रेब्रेनित्साच्या हत्याकांडानंतर, १९९५ मध्ये, निषेध म्हणून त्या पदाचा राजीनामा दिला. भूतकाळावर पडदा टाकणारा म्हणून ज्याची संभावना झाली, त्याला डोळ्यांसमोरचा रक्तपात झाकणे मान्य नव्हते.

उमरग्यात राहून हे वाचताना मन १७ सप्टेंबर १९४८ कडे वळते. तीही एका राजवटीची अखेर होती. रझाकारांचे अत्याचार आपण दरवर्षी मुक्तिदिनी स्मरतो, आणि ते स्मरलेच पाहिजेत. परंतु पोलीस कारवाईनंतरच्या दिवसांत सामान्य मुसलमानांवर जे ओढवले, त्याविषयी व्यासपीठावर सहसा शब्द निघत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या उस्मानाबादचे (आजच्या धाराशिवचे) नाव नोंदवले. तो अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

माझोव्येत्स्कींची रेघ भर संसदेत, शब्दांत ओढली गेली. म्हणून तिच्याशी भांडता आले, तिचा गाळलेला उत्तरार्ध पुन्हा जोडून वाचता आला. आपली रेघ कोणी उच्चारलीच नाही. ती आपोआप पडली आणि जाड होत गेली. अर्धे वाक्य पूर्ण करून वाचणे आपण वर्गात शिकवतो. न उच्चारलेले वाक्य वाचायला शिकवण्याची जबाबदारीही साहित्याच्या शिक्षकाला टाळता येईल, असे मला वाटत नाही.