टेकायची काठी

काठीशी माझा संबंध फार जुना. बरोबरीची मुले विटीदांडू खेळू लागली त्या वयात माझ्या हाती काठी आली, आणि ती अजून सुटलेली नाही. दोन वर्षांचा असताना पोलिओने डावा पाय लुळा केला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, गुडघ्याशी त्याचे कुलूप आणि उजव्या हातात काठी, एवढा सरंजाम घेऊन मी शाळा शिकलो, एम.ए. झालो आणि आता कॉलेजात मराठी शिकवतो. वीररसावर मी तावातावाने बोलतो; फळ्याकडे वळताना मात्र टेबलाचा आधार घेतो. विद्यार्थी सुज्ञ असल्यामुळे हसत नाहीत.

या पायाचा एक फायदा मला लहानपणापासून मिळाला. मला कधी कुणी मारले नाही. छडी बाकाबाकांवरून फिरत येई, माझ्यापाशी अडखळे आणि पुढच्या मुलाच्या हातावर पडे. मधल्या सुट्टीत मारामारी जुंपली की दोन्ही पक्ष आपापली दप्तरे माझ्याकडे सांभाळायला देत. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण सगळ्यांची दप्तरे सांभाळणारा मुलगा कुणाच्याच पक्षात नसतो.

गेल्या वर्षी आमच्या धाकटीने मर्दानी खेळ शिकायचा हट्ट धरला. कोल्हापुरात राहून या हट्टाला नाही म्हणणे कठीण. रोज संध्याकाळी ती पेठेतल्या तालमीत लाठी फिरवी आणि मी कट्ट्यावर बसून पेपर तपाशी. एके दिवशी सत्तरी ओलांडलेले वस्ताद माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"सर, काठी तर रोज आणताय. मग बसून का?"

मी पायाकडे बोट दाखवले. त्यांनी कॅलिपरवर टिचकी मारली. "ह्ये कुलूप लावल्यावर गुडघा वाकतोय?"

"नाही."

"मग झालं की! जात्याचा खालचा दगड तरी कुठं हलतोय? वरचा फिरतोय म्हणून पीठ पडतंय."

खरे तर या खेळाचा सारा जीव पावलांत. पवित्रा बदलायचा, वार चुकवून मागे सरायचे, गिरकी घेऊन पुढे यायचे. माझ्यापाशी तेवढेच नेमके नाही. वस्तादांनी डावा पाय खुंट्यासारखा रोवायला लावला आणि उजव्याने त्याच्याभोवती अर्धे अर्धे पाऊल टाकायला शिकवले. वार मनगटातून नव्हे, कमरेतून आणि खांद्यातून. हे जमू लागले. न जमणारी गोष्ट वेगळीच होती. काठी जमिनीवर टेकली की मी उभा राही, आणि वार करायला ती उचलली की माझा आधारच जाई. मी अर्धवट उचलून अर्धवट मारी.

"काठी एक तर टेकायची, न्हाई तर मारायची," वस्ताद म्हणाले. "दोन्ही कामं एकदम सांगितली की ती एकबी करत न्हाई."

मी ती पुरती उचलली आणि पुरता आडवा झालो. धाकटी किंचाळली. वस्ताद जागचे हलले नाहीत. "आधी कुलूप उघडा, मग उठा," एवढेच म्हणाले.

मास्तर माणूस पडला की पुस्तक शोधतो. तेव्हा कळले की, हिंदी पोलीस खात्यातल्या एच. जी. लँग या अधिकाऱ्याने १९२३ साली चालायच्या काठीने स्वसंरक्षण कसे करावे यावर आख्खे पुस्तक लिहिले आहे. आणि १९६० सालच्या रोमच्या पॅरालिंपिकपासून चाकाच्या खुर्चीत बसून तलवारबाजी खेळली जाते. दोघांच्या खुर्च्या जमिनीवरच्या चौकटीला घट्ट बांधतात. मागे पळता कुणालाच येत नाही. झुकायचे, वाकायचे आणि हात चालवायचा. ते वाचून मला वस्तादांचे जाते आठवले.

सहा महिन्यांनी मी काठी उचलून दहा वार करू लागलो. मग जोडीला एक कॉलेजकुमार दिला. तो बिचारा माझा विद्यार्थी. त्याची काठी माझ्या अंगापाशी येई आणि अदबीने थांबे. अगदी शाळेतल्या छडीसारखी! चाळीस वर्षांचा राग माझ्या घशाशी आला. पण माझ्याआधी वस्तादच कडाडले, "सरांवर दया करतोस व्हय रं? मग त्यांच्यासमोर उभाच राहू नको!"

पोराने ओठ आवळले. मी वार केला, त्याने तो अडवला आणि त्याची काठी खाडकन माझ्या मनगटावर बसली. डोळ्यांत पाणी आले. काठी हातातून सुटली. पण मी उभा होतो! तो कावराबावरा होऊन "सॉरी सर" म्हणू लागला. मी म्हटले, "पुन्हा."

घरी सौभाग्यवतींनी मनगटाला आंबेहळद लावली आणि वयाचे भान या विषयावर व्याख्यान दिले. मी ते निमूटपणे ऐकले. दुसऱ्या दिवशी मनगट चांगलेच काळेनिळे झाले होते. वर्गात जाताना शर्टाची बाही मी दोन घड्या जास्त दुमडली. पहिल्या बाकावरच्या मुलीने काळजीने विचारले, "सर, पडलात का?"

"छे!" मी म्हणालो. "एकाने मारले."