अण्णांची नळी

२०१८ च्या जुलैत मी अभ्यागत प्राध्यापक म्हणून हैदराबादेस आलो, तेव्हा वडील माझ्यासोबत होते. आई गेल्यावर त्यांना पुण्याच्या घरी एकटे ठेवणे मनाला पटेना. सप्टेंबरात एके पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा गेली. आणि जिचा मी आयुष्यात कधी विचारही केला नव्हता ती गिळण्याची शक्तीही गेली. चमचाभर पाण्याने ठसका लागे. ते पाणी श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांना संसर्ग होण्याचे भय होते. म्हणून नाकावाटे जठरापर्यंत एक नळी घालण्यात आली.

आपल्याकडच्या रुग्णालयांत तिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. जॉन राइल या इंग्रज वैद्याने १९२१ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’ या ग्रंथाचे कर्ते गिल्बर्ट राइल यांचे हे थोरले बंधू. गंमत अशी, की राइल यांची नळी अन्न आत घालण्यासाठी नव्हती. जठरातील रस थोडा थोडा बाहेर काढून तपासावा, एवढाच तिचा हेतू होता. म्हणजे ती देणारी नव्हे, विचारणारी नळी होती.

हा विचारण्याचा धर्म तिने अजून सोडलेला नाही, हे मला तेथील एका परिचारिकेने दाखविले. ती केरळची होती आणि अण्णांना ‘अप्पच्चन’ म्हणे. नळी घालण्यापूर्वी तिने नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत व तेथून छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत लांबी मोजली होती. नाकपुडीशी येणारी खूण ती दर वेळी पाही. पिचकारीने थोडा रस ओढून त्याची आम्लता कागदी पट्टीवर तपाशी. मग उशाकडची बाजू उंच करून, “अप्पच्चन, दूध देते हं,” असे सांगून पिचकारीच्या नळकांड्यातून दूध हळूहळू आपल्या वजनाने उतरू देई. शेवटी पाणी. त्यानंतर निदान अर्धा तास ती त्यांना आडवे होऊ देत नसे.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी डाव्या हाताने नळी उपसून काढली. ती पुन्हा घालण्यात आली. दुसऱ्या रात्री त्यांनी ती पुन्हा काढली. तेव्हा रात्रपाळीच्या माणसांनी नळी परत घालून त्यांचा डावा हात पट्टीने पलंगाच्या दांडीला बांधला. “संमती आहे ना?” असे मला विचारले गेले. मी मान डोलावली.

ती रात्र मी बाहेरच्या बाकावर काढली. आयुष्यभर संस्कृत शिकविलेला माणूस बोलता येत नसताना एकच कृती पुनःपुन्हा करतो, तिचा अर्थ काय? मला किष्किंधाकांडातले वानर आठवले. सीतेचा शोध न लागल्यामुळे समुद्रतीरी प्रायोपवेशनास बसलेले. सल्लेखना आठवली. पहाटेपर्यंत माझे भाष्य पूर्ण झाले होते : अण्णांनी अन्नाला नकार दिला आहे, आणि पुत्राने तो मानला पाहिजे. सकाळी डॉक्टरांना सांगायची वाक्येही मी मनाशी जुळविली होती.

सकाळी परिचारिका आली. मी ते सारे तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “सर, आधी नाक बघू या.” चिकटपट्टी सोडवून तिने बॅटरीचा प्रकाश पाडला. नळी एकाच बाजूला दाबून बसल्याने नाकपुडीच्या कडेला लालभडक व्रण झाला होता. तीनही वेळा नळी त्याच नाकपुडीतून घातली गेली होती. तिने ती दुसऱ्या बाजूने घातली आणि कडेवर ताण येणार नाही अशी चिकटविली. जीभ, हिरड्या, ओठ ओल्या कापसाने पुसले. जे तोंड खात नाही तेच अधिक स्वच्छ ठेवावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. मग तिने बांधलेला हात सोडला व माझ्या हातात दिला.

नंतरचे अकरा दिवस अण्णांनी नळीला हात लावला नाही. मला स्वतःची लाज वाटली. ज्याला मी तत्त्वज्ञान समजत होतो, ते दुखणे होते. माझे अज्ञान क्षम्य होते. पण न पाहता अर्थ लावण्याची माझी सवय त्यांच्या जिवावर बेतली असती.

बाराव्या दिवशी त्यांचा हात पुन्हा नळीकडे गेला. मी नाकपुडी पाहिली. ती निरोगी होती. पट्टी ठीक होती, तोंड ओले होते. अण्णा माझ्याकडे एकटक पाहत होते. या वेळी मात्र तो नकार असू शकत होता. “नको आहे का?” मी विचारले. त्यांनी माझी बोटे घट्ट धरली, आणि बराच वेळ सोडली नाहीत. याचे भाष्य मी अद्याप केलेले नाही.

सहाव्या आठवड्यात गिळण्याची चाचणी झाली. हनुवटी खाली झुकवून मी त्यांना अर्धा चमचा घट्ट दही भरविले आणि थांबलो. कंठमणी वर गेला, खाली आला. ठसका लागला नाही. आणखी काही दिवसांनी नळी निघाली.

अण्णा त्यानंतर चौदा महिने जगले. वाचा परत आली नाही. त्या दिवशी त्यांना काय म्हणायचे होते, हे त्यांच्याबरोबरच गेले. वर्गात एखादा विद्यार्थी कवितेचे पहिले वाचन संपण्यापूर्वीच तिच्यातली प्रतीके सांगू लागतो, तेव्हा मी त्याला थांबवितो व म्हणतो, “आधी शब्द बघू या.” हे वाक्य कोणाचे, ते मी त्यांना सांगत नाही.