घरची शाळा

आमच्या थोरल्या कन्येला सहावे वर्ष लागले आणि प्रश्न उभा राहिला: तिचे शिक्षण पुढेही घरीच चालू ठेवावे काय? तोवर बाराखडी तिने ताटातल्या तांदळांवर गिरवली होती, अंक रोझरीच्या मण्यांवर. पाच दशकांच्या पन्नास आणि आरंभीच्या तीन, मिळून त्रेपन्न ‘नमो मरिया’. बेरीज तिला अशी आली. पोलादपुरास राहत असता पावसाळ्यात दरडींच्या भयाने बालवाडी बंद पडे, घरची शाळा मात्र भरे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आईवडिलांना मुलांचे आद्य शिक्षक म्हटले. कुटुंबाला साऱ्या समाजाचे साहाय्य हवे, असेही त्याच घोषणापत्रात आहे. ते आपण सहसा वाचत नाही. पंडिता रमाबाईंना संस्कृत मातोश्रींनी शिकवले, तरी त्यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलेच. २००९ चा कायदाही सहाव्या वर्षापासून शाळेचा हक्क देतो.

पण आमचा निर्णय झाला तो महाडला आल्यावर. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्या पाण्यावाचून आपले अडले नव्हते, हे त्यांनीच डिसेंबरच्या परिषदेत सांगितले. हवी होती ती बरोबरी. अशा गावात आमच्या लेकीने केवळ घरच्याच माठातले पाणी प्यावे, हे आम्हांला रुचेना.

जूनमध्ये तिचे नाव जवळच्या मराठी शाळेत घातले. धर्मशिक्षण संध्याकाळी घरीच चालते. धाकटा अजून तांदूळ सांडतो.