ताण आणि उसंत

उष्णता, उपवास आणि व्यायाम शरीराला त्रास देतात म्हणूनच ते बळकट होतं, असं हल्ली सर्रास सांगितलं जातं. शरीरक्रियाशास्त्राची अभ्यासक म्हणून मला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. त्रासाने पेशी सावध होतात हे खरं, पण बळ येतं ते त्रास थांबून दुरुस्तीला उसंत मिळाली तरच. फेरुच्चिओ रितोसा यांनी १९६२ मध्ये फळमाशीच्या गुणसूत्रांवर उष्णतेने उठणारे फुगवटे नोंदवले. त्याच धाग्याने पुढे हीट शॉक प्रथिनं सापडली. उष्णतेने विस्कटलेल्या प्रथिनांची घडी ती पुन्हा बसवतात. उपाशी पेशी आपलेच निकामी भाग पचवते; त्या ऑटोफॅजीचा उलगडा केल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. आणि स्नायू ताणाखाली झिजतात, भरतात ते विश्रांतीत.

फिनलंडमध्ये २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षं मागोवा घेतला गेला. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना (कडक तापवलेल्या खोलीत बसून घाम काढणं) घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक मृत्यू येण्याचं प्रमाण आठवड्यातून एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरंच कमी आढळलं. यावर रास्त आक्षेप असा, की मुळात जो धडधाकट तोच रोज सौनात बसू शकतो. धूम्रपान, रक्तदाब हिशेबात धरूनही ही शंका पुरती फिटत नाही, म्हणून मी सौनाला औषध म्हणणार नाही. उपवासावरचा आक्षेप याहून वजनदार आहे. चीनमधल्या ग्वांगझू इथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभर चाचणी झाली. त्यांचे दोन गट करून दोन्हींचे उष्मांक सारखेच कमी केल्यावर, जेवण आठ तासांत बसवणाऱ्यांचं वजन लक्षणीय जास्त घटलं नाही. आपल्याकडच्या साबुदाणा-बटाट्याच्या उपासात तर साखर चढतेच; श्रद्धेच्या दृष्टीने तो उपास असेल, पेशींच्या दृष्टीने नव्हे. व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे, मनाच्या बाबतीतही: सौम्य ते मध्यम नैराश्यात नियमित व्यायामाने आराम पडतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे.

उसंत काढून घेतली की हेच ताण उलटतात. अमेरिकेतल्या मिनेसोटात १९४४-४५ मधल्या एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तेव्हा अनेकांना खिन्नता आणि चिडचिडेपणाने घेरलं, अन्नाखेरीज काही सुचेना. काही औषधांमुळे हा धोका आणखी वाढतो: लिथियम घेणाऱ्या मनोरुग्णाच्या शरीरातलं पाणी कमी झालं तर औषधच विषारी पातळी गाठू शकतं, म्हणून कडक उपवास किंवा उन्हातला व्यायाम त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोडणी कामगारांत, मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुणांचीही मूत्रपिंडं निकामी होताना दिसतात. उन्हातलं अतिश्रमाचं काम हे त्यामागचं एक प्रमुख कारण मानलं जातं. कष्टकऱ्यांना उन्हाची सवय असते, असं यावर म्हटलं जातं. एक-दोन आठवड्यांत शरीर सरावतं हे खरंच. पण सरावलेलं शरीर घाम जास्त गाळतं, त्याला पाणीही जास्तच लागतं. पाणी, सावली आणि ठरलेली विश्रांती मिळाल्यावर मूत्रपिंडाची इजा घटल्याचं निकाराग्वात दिसलं आहे. म्हणून आपल्याकडेही विदर्भात मे महिन्यात रस्त्याचं काम करणाऱ्यांना दुपारची सुट्टी मजुरी न कापता मिळायला हवी. त्यांच्या पत्र्याच्या खोल्यांत रात्रीही गारवा नसतो, त्यामुळे आदल्या दिवसाचा ताण उतरायच्या आतच दुसऱ्या दिवसाचं काम सुरू होतं.