जंजिऱ्याच्या दरवाजातला वाघ

जंजिरा या समुद्रातल्या किल्ल्याच्या महादरवाजात शिरताना भिंतीवर एक शिल्प दिसतं. वाघासारखं जनावर, त्याच्या पंजांत हत्ती धरलेले, एक तर शेपटीत गुंडाळलेला. असं जनावर कुठल्या रानात असतं, असं विचारून आजवर कुणी किल्ल्याच्या धन्याला, सिद्दीला, खोटारडा ठरवलेलं नाही. चालून येणाऱ्याला एवढंच कळायचं असतं: तुम्ही हत्ती असलात तरी गाठ माझ्याशी आहे.

माझ्या लेखी ही दगडात कोरलेली बोधकथाच. बोधकथेतलं अशक्य उघड्यावर असतं. सदाशिव काशिनाथ छत्र्यांची ‘इसापनीतिकथा’ १८२८ साली छापून आली. त्यातला कोल्हा बोलतो म्हणून कुणा पोराला आपली फसवणूक झाली असं वाटलं नाही. त्याच्या कितीतरी आधी महानुभावांच्या ‘दृष्टान्तपाठा’त केशिराजबासांनी चक्रधरस्वामींच्या प्रत्येक दृष्टान्तापुढे दार्ष्टान्तिक जोडलं, गोष्ट संपली, आता तिचा अर्थ घ्या. हत्ती चाचपणारे आंधळे कोणत्या गावचे, हे तिथे कुणी विचारत नाही.

पंचाईत होते ती दंतकथेपाशी. तिला गाव असतं, राजा असतो आणि ‘हा बघा दगड’ म्हणून दाखवायला खूणही असते. राजपुरीहून शिडाच्या होडीत बसलं की पिरमखानाची गोष्ट हमखास ऐकायला मिळते. बेटावर राम पाटील या कोळी नायकाचा मेढेकोट होता. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला, माल म्हणून पेट्या उतरवल्या आणि रात्री त्यांतून शिपाई बाहेर पडले. हीच युक्ती ट्रॉयच्या लाकडी घोड्यात आहे, अलीबाबाच्या तेलाच्या बुधल्यांतही आहे. गोष्टी अशा देशोदेशी फिरतात. तेवढ्यावरून जंजिऱ्याची हकिकत खोटी ठरत नाही. पण तिला स्वतःचा पुरावा लागतो, गोष्टीचा रंगतदारपणा तिथे चालत नाही. असा पुरावा मिळेपर्यंत मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो आणि ऐकणाऱ्यांची मजा काही कमी होत नाही.

मला खटकते ती दुसरी गोष्ट. किल्ल्यापासून राजपुरीपर्यंत समुद्राखालून भुयार आहे, असं पर्यटकांना छातीठोकपणे सांगितलं जातं. भरती-ओहोटी, खडक, कशाचाच विचार नाही. हिच्यामुळे नेमकी झाकली जाते ती खरी हकिकत. १६८२च्या सुमारास संभाजी महाराजांनी याच खाडीच्या तोंडाशी दगड टाकून समुद्र बुजवायला घेतला होता, किल्ल्यापर्यंत वाट करण्यासाठी. मोगली फौज कोकणात उतरली आणि ते काम अर्धवट राहिलं. माणसांनी समुद्रात खरोखर दगड लोटले, ही गोष्ट कुठल्याही भुयारापेक्षा अचाट आहे. तिच्या जागी भुयार येऊन बसतं, तेव्हा गोष्टीचं खोटं होतं. कल्पना करणं हा गुन्हा नाहीच; घडलेल्याची जागा बळकावणं हा आहे.

गाइडने भुयार जरूर सांगावं. भुयार महाराष्ट्रातल्या बहुतेक किल्ल्यांना लोकांनी बहाल केलेलं आहे, हेही सांगावं आणि मग पाण्याकडे बोट दाखवून सेतूची हकिकत सांगावी. होडीतली पोरं दोन्ही आवडीने ऐकतील. इतिहासाच्या पेपरात कुठली लिहायची, एवढं त्यांना कळलं म्हणजे झालं.