चेन्नईच्या गल्लीत डोंगरी सायकलचा कायापालट

एग्मोर स्टेशनातून बाहेर पडून कूम नदीच्या दिशेने चालू लागले की थोड्याच वेळात हवेचा वास बदलतो. फिल्टर कॉफीच्या दरवळाची जागा ग्रीस आणि तापलेल्या लोखंडाचा वास घेतो. आली पुदुपेट्टै! जुन्या मोटारी खोलून त्यांचे सुटे भाग विकणारा हा चेन्नईचा प्रसिद्ध बाजार. मुंबईकराला इथे कुर्ल्याची आणि पुणेकराला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजाराची आठवण हटकून होते. कुठे दरवाज्यांची चळत, कुठे गिअरबॉक्सचा ढीग, तर कुठे हॉर्न आणि आरशांच्या माळा. भाषा तमिळ असली तरी चेन, ब्रेक, टायर हे शब्द ओळखीचेच. दुकानदाराला 'अण्णा' म्हटले की निम्मे काम झाले!

अशा शहरात विजेवर चालणारी डोंगरी सायकल हाती आलेला तरुण ती जशीच्या तशी ठेवील, हे जरा अवघडच. पण काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, हे कळण्यातच खरी हुशारी आहे.

चाकांचे शहर

चेन्नईचे आणि चाकांचे नाते जुने आहे. १९४६ साली के. एम. माम्मेन मापिल्लै यांनी तिरुवोट्टियूर येथील एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे एमआरएफ ही टायर कंपनी उभी राहिली. मुरुगप्पा घराण्याने १९४९ साली ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने टीआय सायकल्स सुरू केली आणि अंबत्तूरच्या कारखान्यातून हर्क्युलिस, बीएसए या सायकली देशभर गेल्या. १९५५ पासून तिरुवोट्टियूरलाच बुलेट मोटारसायकलींचा उद्योगही रुजला. विजेच्या स्कूटर बनवणाऱ्या एथर कंपनीची सुरुवातसुद्धा २०१३ साली आयआयटी मद्रासच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी केली.

आधी टायर

डोंगरी सायकलच्या टायरवर रबराच्या उंच गुंड्या असतात. सह्याद्रीच्या मुरमाड वाटेवर त्या घट्ट पकड देतात. चेन्नई मात्र समुद्रकाठचे सपाट शहर. इथल्या डांबरी रस्त्यावर याच गुंड्या घरघर आवाज करतात, चाक जड चालते आणि बॅटरी लवकर उतरते. म्हणून रोज शहरातच फिरणाऱ्याने मधोमध गुळगुळीत आणि कडेला थोडी नक्षी असलेले टायर बसवावेत. सायकल हलकी चालते आणि पल्लाही वाढतो.

टायर घेताना त्याच्या कडेवरचे आकडे वाचावेत. '५४-५८४' याचा अर्थ रुंदी ५४ मिलिमीटर आणि रिमवर बसणारा व्यास ५८४ मिलिमीटर. २६ इंची चाकाला ५५९, साडेसत्तावीस इंचीला ५८४ आणि २९ इंचीला ६२२ हा आकडा लागतो. दुसरा आकडा जुळला नाही, तर टायर कितीही स्वस्त मिळाला तरी फुकट.

मग ब्रेक

मोटर आणि बॅटरीमुळे ही सायकल साध्या सायकलपेक्षा बरीच जड असते. साहजिकच ब्रेकचे पॅड लवकर झिजतात. तारेच्या डिस्क ब्रेकऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवले तर बोटाच्या हलक्या दाबाने सायकल थांबते. १६० मिलिमीटरच्या चकतीऐवजी १८० ची चकतीही बसवता येते. मात्र फ्रेम आणि फोर्क ती पेलू शकतात का, हे मेकॅनिककडून आधी तपासून घ्यावे. मरीनाच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते, तेव्हा चेन नियमित पुसून तेल द्यावे आणि स्पोक बदलायचे झाल्यास स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

बॅटरीशी खेळ नको

अण्णा सलैला लागून असलेली रिची स्ट्रीट म्हणजे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा खजिनाच. दिवे, वायरी, मीटर सारे काही इथे मिळते. पण बॅटरी जुनी किंवा जोडजंतर करून बनवलेली घेऊ नये. ३६ व्होल्टच्या बॅटरीला ४८ व्होल्टचा चार्जर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. बॅटरी नेहमी तिच्याच चार्जरने भरावी. उन्हात तापलेली असेल तर आधी सावलीत निवू द्यावी. डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये या शहरात घरोघरी पाणी शिरले होते. अशा पाण्यात बुडालेली बॅटरी वाळवून पुन्हा चार्ज करण्याचा मोह जिवावर बेतू शकतो.

कायद्याची रेघ

आता सर्वांत मोठा मोह : मोटर बदलून वेग वाढवण्याचा. मोटरची शक्ती २५० वॅटपर्यंत, वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर अशा वाहनाला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. ही रेघ ओलांडली की सायकल कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन होते. मग नोंदणी, विमा, लायसन्स सारे आलेच. अपघात झालाच, तर विनानोंदणी वाहनाचा भुर्दंड घरच्यांना सोसावा लागतो.

आणि प्रश्न केवळ कायद्याचा नाही. वेग २५ वरून ३५ वर गेला, की ब्रेकवर पडणारा भार दीडपट नव्हे, जवळजवळ दुप्पट होतो. सायकलची फ्रेम, फोर्क आणि ब्रेक त्यासाठी बनवलेलेच नसतात.

पुदुपेट्टैत पैसे मोजले की जवळजवळ काहीही जोडून मिळते. तिथून सजवलेली सायकल घेऊन मुलगा घरी येतो, तेव्हा मित्र विचारतात, "किती पळते रे?" आई मात्र विचारते, "वेळेवर थांबते ना?" सुटे भाग विकत घेण्यापूर्वी आईच्या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे. मित्रांना काय, पहाटेच्या मरीनावर एक फेरी मारून आणली तरी पुरे!