मारवा एक, संध्याकाळी अनेक

पाश्चात्य अभिजात संगीताच्या रसिकांमध्ये एक जुना व निरुपद्रवी वाद चालत आलेला आहे. एकाच सिंफनीच्या निरनिराळ्या ध्वनिमुद्रिका जमवायच्या, त्या एकामागून एक ऐकायच्या आणि त्यांत श्रेष्ठ कोणती यावर भांडायचे. बीथोव्हनची पाचवी सिंफनी १८०८ साली व्हिएन्नात प्रथम वाजली. आर्थर निकिश यांनी बर्लिन फिलहार्मोनिककडून ती १९१३ साली तबकड्यांवर उतरवून घेतली, आणि तेव्हापासून या वादाला तोटा नाही. कोणाला टोस्कानिनींची ताठ व वेगवान पाचवी आवडते. कोणी फुर्टवेंग्लर युद्धानंतर बर्लिनला परतले तेव्हाच्या, १९४७ मधील ध्वनिमुद्रणावर जीव टाकतो. कोणाला कार्लोस क्लायबर यांच्या १९७४ मधील व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या पाचवीपुढे इतर काही रुचत नाही. मात्र या तिघांच्याही समोर लिखित संहिता एकच होती. स्वर तेच, त्यांचा क्रम तोच. वाद कितीही रंगला तरी शेवटी संहितेचे पान उघडून बोट ठेवता येते.

आम्ही इंदूरची पाच माणसे गेली कित्येक वर्षे रविवारी दिवेलागणीला एकत्र बसून हाच उद्योग करीत आलो आहोत. फक्त सिंफनीऐवजी ख्यालाच्या बाबतीत. आमच्यात मराठी शिकवून निवृत्त झालेले एक प्राध्यापक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले दोघे आहेत, लहानपणी दहा वर्षे गाणे शिकलेल्या एक ताई आहेत आणि हयातभर रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. मंडळाला नाव नाही, वर्गणी नाही. आणि संहितेचे पानही नाही. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची, रागाचे नियम अर्ध्या पानात मावणारे. उरलेले सर्व गायक त्या वेळी, त्या बैठकीत रचीत जातो. मग तुलना करायची ती कशाची कशाशी? हा प्रश्न आमच्यापुढे प्रथम मारव्याने टाकला.

इंदुरात मारवा म्हटला की पहिले नाव निघते ते उस्ताद अमीर खाँ यांचे. होळकरांच्या या नगरीला संगीताची परंपरा जुनी आहे. बीनकार बंदे अली खाँ आणि पखवाजिये नाना पानसे यांची नावे येथील दरबाराशी जोडलेली आहेत. अमीर खाँ यांचे वडील शाहमीर खाँ हेही होळकर दरबारात सारंगिये होते. १९१२ साली जन्मलेले अमीर खाँ याच गावात वाढले आणि त्यांच्या गायकीला पुढे इंदूर घराणे असे नाव मिळाले. त्यांची जी दीर्घ ध्वनिमुद्रिका १९६० साली निघाली, तिच्या एका बाजूला मारवा व दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. येथील अनेक मराठी घरांत ती होती. काही घरांत अजूनही आहे.

मारव्यात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. हेच स्वर पूरियातही आहेत आणि सोहनीतही. मारवा वेगळा होतो तो रिषभ आणि धैवत यांवर दिलेल्या भारामुळे, आणि षड्ज सतत दूर ठेवल्यामुळे. घर समोर दिसावे आणि पाऊल उंबऱ्यात पडू नये, अशी त्याची अवस्था. अमीर खाँ चौदा मात्रांच्या विलंबित झुमऱ्यात ही अवस्था ताणतात. ते मंद्रात उतरतात, कोमल रिषभावर थांबतात, आणि तबल्याचा साधा ठेका पुढे सरकत असताना स्वतः मात्र कोठेही जाण्याची घाई करीत नाहीत. षड्ज येतो तेव्हा ऐकणाऱ्याचा श्वास सुटतो.

आमच्या प्राध्यापकांना हे मान्य आहे; पण त्यांचा मारवा दुसरा. ते मूळचे नागपूरचे, आणि त्यांचा मारवा वसंतराव देशपांडे यांचा. वसंतराव तरुणपणी लाहोरला गेले असता असद अली खाँ यांनी त्यांना महिनोन्महिने केवळ मारवा शिकविला, ही कथा मराठी रसिकांस ठाऊक आहे. त्यांच्या मैफलींच्या ज्या ध्वनिफिती आमच्याकडे आहेत त्यांतील मारवा मुळीच स्थिर बसत नाही. तो रिषभावरून झेप घेतो, अवचित वळतो, तानेच्या टोकाशी षड्जाला हूल देऊन परत फिरतो. प्राध्यापक म्हणत, "खाँसाहेबांचा मारवा सूर्य बुडाल्यानंतरचा आहे, वसंतरावांचा बुडतानाचा." त्यावर ताईंचे उत्तर ठरलेले असे, "सर, सूर्य बुडताना कोणी इतकी धावपळ करतो का?"

हा वाद वर्षानुवर्षे चालला आणि मिटला नाही, कारण मिटविण्यास पान नव्हते. रागाच्या नियमांत दोघेही बसतात. दोघांनीही षड्ज दूर ठेवला आहे. एकाने मौनाने, दुसऱ्याने चपळाईने. सिंफनीच्या दोन ध्वनिमुद्रिकांत एकाच संहितेचे दोन अर्थ ऐकू येतात. येथे दोन संहिताच ऐकू येतात, आणि त्या दोहोंच्या मागे मारवा नावाचे जे काही आहे ते कोणत्याही एका फितीत सापडत नाही. ते दोन्ही ऐकल्यावर, दोहोंच्या मधल्या जागेत थोडेसे कळते.

हे केवळ दोन गायकांपुरते असते तर स्वभावभेद म्हणून सोडून देता आले असते. परंतु एकाच गायकाच्या बाबतीतही तेच घडते. १९६०च्या ध्वनिमुद्रिकेवरील दरबारी आणि आमच्याकडे हातोहात आलेल्या एका खासगी मैफलीतील दरबारी आम्ही पाठोपाठ ऐकली. तबकडीवर खाँसाहेबांना एक बाजूच मिळाली होती, म्हणजे वीस-बावीस मिनिटे. त्यातच विलंबित आणि तराणा बसवायचा. तेथे प्रत्येक स्वर जणू मोजून ठेवलेला आहे. मैफलीत ते मंद्रातील गांधाराच्या आंदोलनावर इतका वेळ रेंगाळतात की तेवढ्यात तबकडीची निम्मी बाजू संपली असती. मैफलीच्या फितीत खोकला आहे, दाद आहे, मध्येच तंबोरा पुन्हा मिळविलेला आहे. यांतील खरी दरबारी कोणती, हा प्रश्न विचारताच तो चुकीचा असल्याचे जाणवते. एक त्यांनी यंत्राला दिलेली आहे, दुसरी माणसांना.

यंत्राने गाण्याला मुरड घातली यात नवल नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी त्या तीन मिनिटांत अमर झाली. पण ती तेवढीच होती असे आता आपल्याला वाटू लागले आहे. एवढेच नव्हे, यंत्र बिघडले तर गायकाचा स्वभावही बदलतो. एकदा एका ओळखीच्या घरातून आलेली अमीर खाँ यांची फीत लावताच आमचे दुरुस्तीकार म्हणाले, "ही पळते आहे." प्रतीवरून प्रत काढताना कोठेतरी वेग वाढला होता. आवाज अर्ध्या स्वराने चढला होता. म्हणजे गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली होती. त्यांनी ती जागेवर आणली तेव्हा त्या गाण्यातील अस्वस्थपणा नाहीसा झाला. तो खाँसाहेबांचा नव्हता, मोटारीचा होता.

म्हणूनच एखादी तबकडी प्रमाण मानण्याची आम्हांस धास्ती वाटते. मध्यंतरी येथे एका छोट्या बैठकीत एका तयार तरुणाचा मारवा ऐकला. आवाज उत्तम, सूर पक्का. पण थोड्याच वेळात आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. तो अमीर खाँ यांची १९६०ची तबकडीच गात होता. तेच विराम, त्याच जागी तोच उसासा. त्या तरुणाच्या कष्टांविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि, ज्या विरामात खाँसाहेब पुढचे शोधीत होते, त्या विरामात याला पुढचे आधीच ठाऊक होते.

अमीर खाँ स्वतः कसे शिकले हे येथे आठवावे. विलंबिताची शांत बढत त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडून घेतली, तीही गंडा न बांधता, ऐकून ऐकून. तानेत देवासच्या रजब अली खाँ यांचा संस्कार आहे, आणि स्वरांच्या फिरतीत भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांचा. मेरुखंडाच्या पद्धतीने चार स्वरांच्या २४ रचना होतात आणि सात स्वरांच्या ५,०४०. त्या अफाट पसाऱ्यातून नेमके काय उचलायचे हे त्यांचे त्यांनी ठरविले. आज आपण ज्याला इंदूर घराणे म्हणतो ते एका अर्थाने तुलनेने ऐकणाऱ्या कानातून जन्माला आलेले आहे. त्यांनी वहीद खाँ यांचीच नक्कल केली असती तर किराण्याला एक चांगला गायक मिळाला असता, एवढेच.

मागील दोन वर्षांत आमच्या बैठकीत एक बदल झाला आहे. प्राध्यापकांना कमी ऐकू येऊ लागले. आधी तंबोऱ्याची झंकार गेली, मग बंदिशीच्या शब्दांतील व्यंजने. कानाचे यंत्र बोलण्यासाठी ठीक, पण गाण्यात ते सूर फाटून देते, म्हणून ते यंत्र काढून ठेवतात आणि ध्वनिक्षेपकाजवळ खुर्ची ओढून बसतात. वसंतरावांची तारसप्तकातील तान आता त्यांना धूसर लागते. अमीर खाँ यांचा मंद्र मात्र अजून पोहोचतो. तीस वर्षे वसंतरावांची बाजू लढविलेल्या माणसाने आपण होऊन "खाँसाहेबांचा लावा" म्हणावे, याचे आम्हांस वाईट वाटले. ताई हलकेच म्हणाल्या, "म्हणजे सर आमच्या बाजूला आले." ते हसले. "कान बदलला आहे, मत नाही. वसंतरावांचा मी मनात ऐकतो."

तेव्हापासून आम्ही दोन्ही मारवे लावतो. वसंतरावांची फीत सुरू असताना प्राध्यापक डोळे मिटून मांडीवर बोटे चालवितात, आणि तान समेवर येते तेव्हा त्यांचे बोट बरोबर पडते. सहा टक्के पळणारी फीत पूर्ववत करता येते. कानाच्या बाबतीत तसा इलाज नाही. ध्वनिमुद्रिका तीच राहिली तरी ऐकणारा तोच राहत नाही, हे आमच्या तुलनेत पूर्वी कधी धरलेले नव्हते. आज ते मनात ऐकू शकतात, कारण कान शाबूत असताना त्यांनी एकच मारवा पुरेसा मानला नाही.

इंदूरजवळ पिगडंबर येथे, याच शहरात जन्मलेल्या लता मंगेशकर यांच्या नावाने ग्रामोफोन तबकड्यांचे संग्रहालय खासगी प्रयत्नांतून उभे राहिले आहे, ही समाधानाची गोष्ट. तबकड्यांना निदान वाली मिळाला. घरोघरच्या मैफलींच्या स्पूलफिती व कॅसेटी मात्र माळ्यावर आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी येते, फितीवरील लेप सुटतो, आणि घर बदलताना त्या भंगारात जातात. कंपनीची ध्वनिमुद्रिका हजारोंच्या संख्येने निघाली, ती टिकेल. जी एकमेव प्रत आहे तीच नाहीशी होते, आणि तिच्याबरोबर तुलनेची दुसरी बाजूही जाते.

आम्ही आता एक वही ठेवली आहे. कोणाच्या घरची फीत, अंदाजे कोणत्या साली, कोणत्या पट्टीत, वेग तपासला किंवा नाही, एवढे तीत लिहितो आणि प्रत काढून मूळ फीत ज्याची त्याला परत करतो. वाचकांपैकी कोणाकडे वडिलांच्या किंवा काकांच्या अशा फिती असतील, त्यांनी त्या टाकून देण्यापूर्वी एखाद्या जाणत्या दुरुस्तीकाराकडून एकदा वाजवून पाहाव्यात. गायक नामांकित नसला तरी हरकत नाही. त्या फितीवर कदाचित एखादा तिसरा मारवा असेल.